पायापुरतं तेल

“हेमिप्लेजिया,” कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मग माझ्या बायकोला, सखूला, समजेल असं सांगितलं, “मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलीय. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. रोज मालिश करा. हयगय केलीत तर सांधे आखडतील.”

मला सगळं ऐकू येत होतं. मी खालापूरचा शिंपी. हात गेला तर माझं काय उरणार, ही एकच धास्ती. विचारायला तोंड उघडलं तर नुसती लाळ गळली.

विक्रीकर तेव्हा नवाच होता. डॉक्टरांनी लिहून दिलं तर मालिशच्या तेलावर तो लागत नाही, असं दुकानदाराचं म्हणणं. म्हणून सखूनं चिठ्ठी मागितली. डॉक्टरांनी घाईत खरडून दिली.

घरी आल्यावर सखू सकाळ-संध्याकाळ उजवा पाय चोळू लागली, अगदी घामाघूम होईपर्यंत. हाताला मात्र तेलाचा थेंब नाही. मी डाव्या हातानं तिचा हात ओढून उजव्यावर ठेवला. तिनं तो झटकन काढून घेतला.

“नको हो,” ती हळूच म्हणाली, “त्याला नाय चालत.”

मी काय ते समजलो. डॉक्टरांनी हाताची आशा सोडलीय आणि ही माझ्यापासून लपवतेय. बोटं रोज थोडी जास्त मुठीत वळत होती, नखं तळव्यात रुतत होती. तिचा इतका राग येई की मी भिंतीकडे तोंड करून पडे.

पुढे बैलगाडीतून पुन्हा दवाखान्यात नेलं. पाय आधारानं टेकत होता. डॉक्टर खूश झाले. मग मूठ पाहून त्यांचा आवाज चढला. “हाताला मालिश का नाही केलीत?”

सखू रडकुंडीला आली. “सायेब, चिठ्ठीत उजवा पायच लिवलाय. दुकानदार बोलला, करमाफीचं तेल हाय, दुसरीकडं लावलं तर सरकार धरंल. ह्यांना कोन सोडवंल मग?”

डॉक्टरांनी चिठ्ठी मागून घेऊन वाचली. “चूक माझी, घाईत हात लिहायचा राहिला,” ते म्हणाले. “हात मेलेला नाही. आजपासून चोळा.”

मी तिथंच हुंदके देऊन रडलो.

वाचा हळूहळू परत आली, मूठ उघडली, पण अंगठा कात्री धरत नाही. कापड आता सखू बेतते, मशीन मी चालवतो. मी चालतो ते तिच्या मेहनतीवर, हे मी रोज मानतो.

तुमच्या घरात असा कुणी पडला असेल, तर एखादी गोष्ट तुम्ही का करत नाही, तेही त्याला सांगा. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी जित्या हाताचं सुतक पाळत बसलो.