तारांआधीचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जातो, हे माझ्या मित्रांना ठाऊक आहे. आमच्या सुतारांच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही भौतिकशास्त्राचा! पण हे माझ्या कानांनी ऐकलंय... म्हणून लिहितो.

मूकपटांचे दिवस. जळगावच्या थिएटरात एक मास्तर पडद्याजवळ बसून मेंडोलिन वाजवत. शिडी पडून त्यांचं जर्मन मेंडोलिन चिरडलं. मालकानं बजावलं — दिवाळीच्या खेळाला वाद्य नसेल तर पेटीवाला आणतो.

माझे थोरले भाऊ, नाना, म्हणाले, "आपन बनाडूत!"

तुकडे जुळवून नकाशा मी काढला : रुंद, गोल पोट, खास जर्मन धाटणीचं. नानांनी शिसवाच्या पातळ पट्ट्या तापवून वाकवल्या, साच्यावर सरसानं अशा जोडल्या की सांध्यात नख अडकेना. असा हात मी दुसरा पाहिला नाही! वरची फळी मात्र एकच होती, कापसाच्या जिनिंगमधल्या विलायती यंत्राच्या खोक्याची. जास्त तासली तर आवाज मरणार, कमी तासली तर उमटणारच नाही.

खंडेनवमीला नाना रंधा घ्यायला गेले, तर वहिनींनी हत्यारं पूजेला मांडलेली. फळीलाही हळदकुंकू!

"एकच हात मारस," नाना गयावया करू लागले.

"आज हत्यारले हात लावाना नही. तुमना बाप उना तरी नही!" वहिनींनी खोलीला कडीच लावली.

दुपारी ओसरीवर आम्ही जेवत होतो, मास्तरही होते. तेवढ्यात बंद खोलीतून झंकार आला — भरदार, लांबलेला... मेंडोलिनचाच.

"कोन शे रे मझार?" नाना ओरडले.

कडी काढली. आत कोणी नाही. पोट साच्यावर, फळी पाटावर. तारा तर मास्तरांच्या खिशात, पुडीही न फोडलेली.

मास्तर फळीकडे बघत राहिले. "नाना, आता हिला रंधा लावू नका. हाच आवाज हवाय मला."

"आन चुकनं तर?"

"तर धुळ्याला पानाची गादी टाकीन!"

नानांनी फळी तशीच बसवली. दिवाळीच्या खेळाला मास्तरांनी तारा छेडल्या आणि नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. तोच आवाज! लोक पडदा सोडून मास्तरांकडे बघू लागले. पेटीवाला आलाच नाही.

रस्त्यावरची गाडी, उन्हानं तडकलेलं लाकूड, सगळे तर्क करून झाले. तारेशिवाय असा नाद निघत नाही, हे मी आजही वर्गात शिकवतो. शिकवताना आवाज मात्र थोडा खाली येतो.