लॉट सत्तेचाळीसखालचं गाव

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये चार मराठी कुटुंबं होती, त्यामुळे किस्से आपोआप साठले. टाकून देववत नाहीत आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते. म्हणून सांगून टाकतो.

*

निगडेकर आमच्यातला हौशी माणूस. आल्या आल्या त्याने गावाचं बारसं केलं. "राणीच्या राज्याभिषेकावरून क्वीन्सटाउन म्हणतात ना? मग सरळ राणीवाडी म्हणा की!" व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव तेच पडलं. त्याची मुलगी सई शाळेत ठणकावून सांगून आली, "टीचर, रिअल नेम राणीवाडी, लाह!"

टीचरने ते फळ्यावर लिहिलंसुद्धा!

*

शेजारचे टॅन अंकल मात्र हे ऐकून हसले नाहीत. "राणीच्या आधी इथे माझं गाव होतं. बो बे कांग. म्हणजे शेपूट नसलेला ओढा."

"मग ओढा कुठाय?" निगडेकरने विचारलं.

अंकलनी खाली कारपार्ककडे बोट दाखवलं. "लॉट नंबर सत्तेचाळीस."

तिथे निगडेकरचीच गाडी उभी होती!

*

पुढे ब्लॉक पाडणार असल्याचं पत्र आलं. आम्ही भाडेकरू, बॅगा भरल्या की निघालो. अंकलचा फ्लॅट मालकीचा, त्यांना रस्त्यापलीकडे नवा मिळणार होता, सगळे त्यांना नशीबवान म्हणत. पण त्यांनी खाली कॉफीला येणंच सोडलं. "एकदा गाव गेलं, आता घर," एवढंच दारातून म्हणाले. मला फार वाईट वाटलं. निगडेकरने 'बोबेकांगकर' अशी पाटी करून दिली, ती काही दारावर लागली नाही.

*

त्याच सुमारास निगडेकरची आई पुण्याहून आली. लिफ्टपाशी अंकल दिसताच तिने शुद्ध मराठीत विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?"

मी इंग्रजीत सांगितलं. अंकलनी बोट जमिनीकडे केलं. "पाडलं."

"आमचं निगडे धरणात गेलं," आई म्हणाली. "आडनावात तेवढं उरलंय."

तेही मी सांगितलं. अंकलनी "निगडे" तीनदा हळूहळू म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ब्लॉकखाली फरशीवर सईचे खडू घेऊन बसलेले! आईने देऊळ आणि विहीर काढली होती. अंकलनी शेजारीच ओढा काढला आणि काठाने पाच गोल.

"हे काय रे?" आईने मला विचारलं.

आई कांदासुद्धा न खाणारी. मी घाबरतच म्हटलं, "डुकरं."

तिने एकदा विहिरीकडे, एकदा गोलांकडे पाहिलं.

"त्यांना म्हणावं, माझ्या विहिरीपासून जरा लांब ठेवा!"