अमृत लेझर, ज्येष्ठांसाठी विनामूल्य

आमच्या फ्लॅटमधली सगळ्यात काळोखी खोली म्हणजे बाथरूम. गीझर सोडला की तिथे वाफही भरपूर होते, आणि लेझरचा किरण हवेत दिसायला वाफ नाहीतर धूर लागतोच. त्यामुळे गेली पाच वर्षं माझी प्रयोगशाळा तिथे आहे. उलट्या बादलीवर पाट, पाटावर लेझर, कमोडच्या मिटलेल्या झाकणावर लॅपटॉप, आणि दारावर घरातल्या दोघींच्या आळीपाळीनं थापा. बायको म्हणते, "शॉक लागून गेलास तर लोकांना काय सांगू, कलेसाठी गेला की आंघोळीसाठी?" आई इतकं लांबण लावत नाही. ती नुसतं विचारते, "आला का माझा नंबर?"

आई तीस वर्षं महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसायची. माणूस जन्माला आलेला असो की गेलेला, तिच्या आवाजात फरक पडायचा नाही. फॉर्म अपुरा असला की परत. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेला. समोर कुणी उभं राहिलं तर तोंड दिसत नाही, कान तेवढे दिसतात, असं ती सांगते. इंजेक्शनं देऊन झाली. आता गेलं ते गेलं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. माझं लेझरचं काम मी तिला कधी दाखवलं नाही. तिला काय दिसणार, हे मी परस्पर ठरवलं होतं.

हे यंत्र ऐकायला भारी वाटतं, पण आत फार काही नसतं. लाल, हिरवा आणि निळा असे तीन किरण एका रेषेत आणायचे आणि नखाएवढ्या दोन आरशांवर सोडायचे. एक आरसा किरणाला डावी-उजवीकडे नेतो, दुसरा वर-खाली. हे इतक्या झपाट्यानं चालतं की भिंतीवर ठिपका न दिसता अख्खी रेघ दिसते. आरशांनी कसं डुलायचं ते मी लिहिलेला प्रोग्रॅम ठरवतो. त्यात नुसत्या लहरी असतात, आणि लॅपटॉपला जोडलेल्या एका डब्यावर त्या कमी-जास्त करायचे सोळा नॉब. दोन लहरींचं नीट जमलं की आकृती गप्प उभी राहते. किंचित बिनसलं की स्वतःभोवती फिरायला लागते. सगळी मजा त्या बिनसण्यात आहे.

ही मजा कुणालाही नको असते. आयटीतली नोकरी सोडून मी या धंद्यात पडलो तो मोठ्या रुबाबात, आणि तेव्हापासून बदाम काढतोय. लग्न असलं की नवऱ्यामुलाचं नाव, नवरीचं नाव, मधे बदाम. कंपनीचं स्नेहसंमेलन असलं की कंपनीचा लोगो. दुकानाचं उद्घाटन असलं की 'शुभारंभ', त्यातला 'भा' दर वेळी 'मा' दिसतो आणि मालक दर वेळी तो दाखवायला येतो.

माझा स्वतःचा एक वीस मिनिटांचा खेळ होता. त्याचं नाव मी 'अमूर्त' ठेवलं होतं, कारण त्यात कशाचंही चित्र नव्हतं. रेषा यायच्या, एकमेकींत गुंतायच्या, जाळ्या व्हायच्या, विरायच्या. तो शेवटपर्यंत कुणी बघितलाच नव्हता. बायकोनं चार मिनिटं बघून विचारलं, "छान आहे. पण हे काय आहे?" ऑफिसातला जुना मित्र म्हणाला, "ब्रो, स्क्रीनसेव्हर!" एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं फार अदबीनं विचारलं, "शेवटी बाप्पा येतात ना पण?" मला टाळ्या नको होत्या, बिदागी नको होती. 'हे काय आहे' असं न विचारता वीस मिनिटं बघणारं एक, फक्त एक माणूस मला हवं होतं. आता हे लिहितानाही किती केविलवाणं वाटतंय, पण होतं ते असं होतं.

शहराच्या टोकाला, मांजरी गावात आमची सोसायटी आहे. एका बाजूला अजून ऊस आहे, उरलेल्या तिन्ही बाजूंना आमच्यासारख्याच सोसायट्या. क्लब हाऊस रविवारी संध्याकाळी ज्येष्ठांच्या मंडळाकडे असतं. आमचे सेक्रेटरी निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे मी एक रविवार मागितला. ते म्हणाले, "भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांचा हात मोडलाय. तेव्हा घ्या तुम्ही. त्याहून वाईट काही होणार नाही." सूचना त्यांनी स्वतः मोबाईलवर टाईप केली आणि प्रिंट काढून लिफ्टशेजारी लावली. ती मी वाचली असती तर बरं झालं असतं. मोबाईलनं 'अमूर्त'चं 'अमृत' केलं होतं. 'शो' हा शब्द त्यांना फालतू वाटला म्हणून त्यांनी गाळला होता. उरलं ते असं: 'अमृत लेझर. ज्येष्ठांसाठी विनामूल्य. रविवार, सायंकाळी ७. वेळेवर न येणाऱ्यांनी येऊ नये.'

रविवारी मी पावणेसातला पडदे ओढून, भिंतीसमोर लेझर लावून तयार होतो. किरण बसलेल्यांच्या डोक्यांवरून बराच उंच जाईल अशी काळजी घेतली होती. सातच्या ठोक्याला दार उघडलं आणि तीसेक ज्येष्ठ आत आले. प्रत्येकाच्या हातात एक फाईल होती.

मला आधी काही कळेना. मग एका आजोबांनी विचारलं, "दोन्ही डोळे आजच करणार, की एक पुढच्या रविवारी?" एक आजी सकाळपासून उपाशीपोटी राहून आल्या होत्या. एका गृहस्थांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं आणि कानात सांगितलं, "माझं डोळ्यांचं नाहीये हो. बसण्याचं आहे. त्यालाही लेझरच करतात ना?" मी हसू दाबायला वळलो, आणि रांगेत चौथी आई दिसली. शेजारच्या काकूंचा हात धरून, ठेवणीतली साडी नेसून, छातीशी फाईल धरून. काकूंनी तिला लिफ्टशेजारची सूचना वाचून दाखवली होती. रविवारी मला काहीतरी काम आहे, एवढंच मी तिला घरी सांगितलं होतं.

"आई? तू इथे कशाला?"

आवाजावरून तिनं मला ओळखलं. "तूच आहेस होय लेझरवाला," ती म्हणाली. "म्हणजे डॉक्टर नाहीत."

ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला खाली बघावंसं वाटलं. मग मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. गलका झाला. उपाशीपोटीच्या आजींनी सेक्रेटरींकडे असं पाहिलं की मी असतो तर त्याच दिवशी राजीनामा दिला असता. सेक्रेटरी शांतपणे उभे राहिले. "शुद्धलेखनाची चूक झाली आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं. चहा आणि बटाटेवडे कार्यक्रमानंतर आहेत. आधी मिळणार नाहीत." एकही माणूस उठला नाही. आई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली.

दिवे मालवले. भिंतीवर पहिली हिरवी रेघ उभी राहिली, वाकली, वर्तुळ झाली. "बांगडी," मागून कुणीतरी म्हणालं. वर्तुळ दुमडलं. "डमरू!" मग मोर, मासा, जिलबी. वर्गात हात वर करून उत्तर द्यावं तसे सगळे उत्तरं देत होते. सहाव्या मिनिटाला उत्तरं संपली आणि खुर्च्या कुरकुरायला लागल्या. ज्यांच्या उसाच्या रानात ही सोसायटी उभी राहिली ते पाटील काका दुसऱ्या रांगेत होते. त्यांचा आवाज मुळात रानात हाक मारायचा. "आरं, ह्यात बघायचं काय हाय? कायतरी येऊ दे की आता!"

लॅपटॉपमध्ये गणपती तयार असतो. तो मी नेहमीच ठेवतो, कार्यक्रम पडायला लागला की उपयोगी येतो. एक कळ दाबली की सोंड, कान, मोदक, आणि हॉलमध्ये जयघोष. दहाव्या मिनिटाला माझं बोट त्या कळीवर होतं. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघतच नव्हती. मान पूर्ण उजवीकडे वळवून ती खिडकीच्या पडद्याकडे तोंड करून बसली होती. पोटचा पोर वीस मिनिटांचा खेळ करतोय आणि ही पडदे बघतेय, असं मनात आलं. मग आठवलं, तिला दिसतच नाही. मग स्वतःचाच राग आला. कळ मी दाबली नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, मी रुसलो होतो. उरलेली दहा मिनिटं तशीच रेटली.

दिवे लागले. तीस माणसं वड्यांकडे गेली. बसण्याचा त्रास असलेले गृहस्थ सगळ्यांच्या पुढे होते. आई खुर्चीवरून उठली नाही. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मधे जाळी झाली होती ती परत लाव."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. "तुला दिसलं?"

"मला कडेनं दिसतं. मान वळवून बसले होते, दिसलं नाही तुला?"

मी दिवे परत मालवले आणि जाळी लावली. तिनं पुन्हा मान वळवली. मग चहाच्या टेबलाकडे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "हे मला रोज दिसतं."

"काय दिसतं?"

"हेच. जाळ्या, चौकटी, कंगोरे. भिंतीवर, ताटात, तुझ्या तोंडावर. डोळे मिटले की जातं, उघडले की येतं. दिवाळीपासून आहे."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? डोळे गेले होते, आता डोकंही गेलं म्हणाला असतात दोघं. म्हटलं लेझरनं जातं का, परस्पर विचारून येऊ."

मला लाज वाटली. ज्या रांगेला मी हसत होतो, त्या रांगेत ती ही गोष्ट छातीशी धरून उभी होती. आणि खोटं कशाला बोलू, त्या लाजेच्या आत कुठेतरी मला आनंदही झाला. जगात एका माणसाला माझी जाळी ओळखीची होती. असा आनंद होणं बरं नाही हे मला त्याच क्षणी कळलं, पण झाला.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. हे वेड नाही, असं ते म्हणाले. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामी जागा आपल्या मनानं भरतो. पुष्कळांना होतं आणि पुष्कळ जण भीतीनं बोलत नाहीत. हळूहळू कमी होईल, किंवा होणार नाही. आईनं दोनदा विचारून घेतलं, "वेड नाही ना? मग लिहून द्या."

पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई खुर्ची सरकवून माझ्या टेबलाजवळ येऊन बसली आणि अपुरा फॉर्म परत करावा तशी एकेक चूक काढायला लागली. "तुझं हिरवं फार आहे. माझं जांभळट असतं." मी हिरवा उतरवला. "इतकी घाई नको. माझं सावकाश सरकतं." मी नॉब केसभर मागे घेतला. "चौकटी बारीक कर. अजून. हां, थांब. हेच."

भिंतीवर एक जांभळी जाळी सावकाश सरकत होती. मी आजवर केलेल्यांत ती सगळ्यात सुरेख होती. दिवाळीपासून माझी आई हिच्या पलीकडून मला जेवायला वाढत होती.

"बंद कुठून करतोस?" तिनं विचारलं.

लेझरला एक मोठं लाल बटण असतं, काही बिघडलं तर झटक्यात सगळं बंद करायला. मी तिचा हात धरून त्यावर ठेवला. तिनं ते दाबलं, चांगलं जोरात. भिंत कोरी झाली. ती मान वळवून त्या भिंतीकडे बघत राहिली.

"तुझं बरं आहे," ती म्हणाली. "माझं चालूच आहे अजून."