कै. शालिकरामांची जर्सी

आमच्या घरात एका मेलेल्या माणसाची जर्सी रोज सकाळी घामाने ओली व्हायची.

बाकी घर साधं. जवाहरनगरचं क्वार्टर, बाबा कारखान्यात, आई स्वयंपाकघरात आणि मी माझ्या खोलीत. मला माणसांशी बोलायला जमत नाही, म्हणून मी त्यांच्या वस्तू जमवते. खेळाडूंच्या. (मोठ्या खेळाडूंकडे मागायला धाडस लागतं, म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या.) माझ्या पत्र्याच्या पेटीत खो-खोच्या एका कर्णधाराची नीकॅप आहे, पंचांनी चिडून फेकलेली शिट्टी आहे, आणि बपेऱ्याच्या मैदानाबाहेर षटकाराने हरवलेला, मला वर्षभराने झुडपात सापडलेला चेंडू आहे. प्रत्येकाला पुठ्ठ्याचं लेबल. आई या सगळ्याला एका शब्दात 'भंगार' म्हणते.

जर्सी आसगावची. दिवाळीत मी आत्याकडे गेले होते. तिच्या शेजारीच कबड्डी मंडळाची खोली. आत अंधार, उदबत्तीचा शिळा वास, आणि भिंतीला टेकवलेल्या फोटोतून एक मिशीवाला माणूस थेट माझ्याकडे बघत होता. कपाळावर कुंकू. गळ्यात वाळलेला झेंडूचा हार. समोर घडी घातलेली सात नंबरची जर्सी.

"हे आमचे शालिकराम," आत्या हळूच म्हणाली. "असा चढाई करणारा पुन्हा नाही झाला वो. पाहिजे का जर्सी? घेऊन जाय."

कधी गेले, कसे गेले, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण असं विचारलं की लोक सविस्तर सांगतात, आणि तेवढा वेळ चेहरा कसा ठेवायचा हे मला कळत नाही. मी नुसती मान हलवली. घरी येऊन सुबक अक्षरात लेबल लिहिलं: 'कै. शालिकराम, चढाईपटू, आसगाव'. (शाळा इंग्रजी माध्यमाची, 'कै.'नंतरचं टिंब मी दोनदा तपासलं.) जर्सी पेटीत मावेना, म्हणून मागच्या व्हरांड्यात खुंटीला टांगली.

तिसऱ्या सकाळी ती ओली होती. दव म्हणावं, तर शेजारचा टॉवेल कोरडा ठणठणीत! ओल होती ती फक्त पाठीवर आणि काखेत. जिथे माणसाला घाम येतो, तिथेच.

पाचव्या सकाळी मी आवाज ऐकला. बाहेर इतकं धुकं होतं की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. सागाच्या झाडांमागून कोणीतरी एका दमात पुटपुटत होतं, "कबड्डी-कबड्डी-कबड्डी..." आवाज बारीक होत गेला, मध्येच तुटला. मग धप्प! मग काहीच नाही.

मी आईला उठवलं. आईने लेबल वाचलं आणि तिचा रंगच उडाला.

"मेल्या माणसाचं वस्त्र घरात ठेवतेत का? तुले इंग्रजी शाळेत हेच शिकवलं का?"

"आई, ते खेळाडू होते."

"होते ना? मंग अजून काहून खेळून राहिले?"



आईने जर्सीवर लिंबू उतरवून खुंटीखाली ठेवलं. सकाळी लिंबू गायब! दुसऱ्या दिवशी पेटीतली नीकॅप गायब! तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मातीची पावलं उमटली. ती न्हाणीघरापर्यंत गेली होती आणि तिथून बाहेर आलीच नव्हती. बाबा तेवढे शांत. फिरून आल्यावर लालबुंद चेहऱ्याने चहा पीत म्हणायचे, "भूतबीत काही नसते." मग बशीत फुंकर मारून, "जर्सी मात्र फेकू नका. कोपन तो."

हे ऐकून आईने निकाल दिला. "रविवारी पेटीसगट समदं वैनगंगेत!"

"पेटी नको ना, आई! सहा वर्षं जमवलंय मी."

"त्यातले अजून कोण-कोण मेले असन, तुले माहीत हाय का?"

माहीत नव्हतं. मी कोणालाच, कधीच, काहीच विचारलं नव्हतं.

रविवारी भर दुपारी पेटी दाराशी आली. आईने हळद-कुंकवाचं ताट घेतलं. कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. मी ओली जर्सी हातावर घेऊन दार उघडलं.

दारात फोटो उभा होता.

तीच मिशी, तेच डोळे, कपाळावर तेच कुंकू. तो माझ्याकडे बघत नव्हता. जर्सीकडे बघत होता.

"माही जर्सी," तो म्हणाला. "आज पाहिजे."

आईच्या हातातलं ताट खणखणत ओट्यावरून अंगणात गेलं. मी दोन्ही हातांनी जर्सी पुढे केली. लेबल वर. त्याने खिशातून चष्मा काढला, सावकाश लावला आणि वाचलं. दोनदा.

"मी कधी मेलो वो पोरी?"

"फोटोला... हार होता..."

"दसऱ्याचा हार व्हय तो! लोकं अवजारांची पूजा करतेत. आमच्या मंडळापाशी नांगर नाही, तलवार नाही. मंग कप, जर्सी अन् मी! तुह्या बाबाच्या मशीनलेबी हार घालतेत ना? ते काय मेली का?" मग त्याने जर्सी चाचपली. "अन् ही ओली काहून हाय?"

मागे न्हाणीघराचं दार करकरलं. बाबा बाहेर आले. गुडघ्यावर माझी नीकॅप.

"या सोयरे!" शालिकराम खुलले. "झाली का तयारी? आज गाव विरुद्ध सोयरे हाय. तुमालेच न्यायले आलो."

आई वळली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं.

"मी फक्त जर्सी घालून दम धरून पाहत होतो," बाबा भिंतीशी बोलले. "वाटलं, याची चाल जर्सीत असन."

"अन् लिंबू?"

"शरबत केलं."

आईने बाबांना घरातच खुर्चीत बसवलं आणि सामना संपेपर्यंत उठू दिलं नाही. या गोंधळात आई पेटी विसरली, ती मी गुपचूप आत ओढली. जर्सी सामन्यानंतर आत्याबरोबर परत आली. लेबलवर, 'कै. शालिकराम'च्या बरोबर खाली, त्यांनी स्वतः झोकदार सही केली आहे.

मृत्यूनंतर दिलेली सही माझ्याशिवाय कोणाच्याच संग्रहात नसेल. पण ती कशी मिळाली असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. कारण एका अनोळखी माणसाविषयी एक साधा प्रश्न विचारण्यापेक्षा त्याला मारून टाकणं मला सोपं गेलं होतं!