तिच्या आखाजीची पत्रावळ

आखाजीला पाच दिवस राहिले होते, तेव्हा मुलानं बाजारातून ताटं आणली. चकचकीत कागदाची, कप्पे पाडलेली. म्हणाला, "आबा, हे बरं. जेवलं की फेकलं."

मी विचारलं, "तुझ्या आईचं पान यावर वाढणार तू?"

त्यानं ताटं पिशवीत परत घातली. मग म्हणाला, "मशीनच्या पत्रावळीपण मिळतात."

"त्यापण नको."

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घरात त्याच्या नावानं मातीचा नवा डेरा पाण्यानं भरून मांडतात. वर डांगर ठेवतात, म्हणजे खरबूज. पुढे पुरणपोळी आणि आमरसाचं पान वाढतात. माझी बायको दिवाळी झाल्यावर गेली. ही तिची पहिली आखाजी.

गल्लीत एका लग्नात थर्माकोलच्या ताटात जेवण होतं. तेव्हा ती हसत हसत मला म्हणाली होती, "मनं पान असल्या ताटमा वाढशात ते मी जेवाले येणार नही." मी म्हणालो होतो, "नको येऊ." पान वाढायचं तर पळसाच्या पत्रावळीवर, आणि पळसही तिच्या माहेरच्या जंगलातला. दुसरं काही मला चालणार नव्हतं.

ते जंगल पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. दरवर्षी आखाजीच्या आधी आठ दिवस आम्ही तिकडे जायचो. ती पानं तोडायची, मी मोहाच्या झाडाखाली बसून बिडी ओढायचो. घरी आलं की पानं माझ्याच गादीखाली घालायची, सपाट व्हायला. दोन दिवस कूस बदलली की खाली कुरकुर. मी ओरडायचो, "तुझ्या गादीखाली घाल की." ती म्हणायची, "मना वजनमा काय दाबातीन ती?" मग अंगणात बसून काड्यांनी पत्रावळी लावायची. देवपूरच्या आमच्या गल्लीत चार घरं तिच्या पत्रावळीवर जेवायची.

मागच्या वर्षी ती म्हणाली, चला. मी म्हणालो, गुडघे दुखतात तुझे, ऊन केवढं आहे, पुढच्या आखाजीला जाऊ. गुडघे तिचे दुखत होते हे खरं, पण कंटाळा माझा होता. ती दुसऱ्यांदा बोलली नाही.

म्हणून या वेळी मी एकटा निघालो. मुलगा म्हणाला, मी सोडतो. मी म्हणालो, तुझी नोकरी सांभाळ. सकाळच्या एसटीनं साक्री, तिथून पिंपळनेर, पुढे जीप. बरोबर खताची एक रिकामी गोणी घेतली होती, प्लास्टिकची, पानं भरायला.

मी चौथी शिकलो. धुळ्यात लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं काढली. साग, खैर, धावडा, अंजन, काहीही आणा, सालीला नख लावलं की सांगतो. पण ते झाड आडवं पडलेलं असलं तर. उभं झाड मी फार बघितलेलंच नाही. पानं, फुलं, कधी काय फुटतं, हे सगळं ती बघायची. माझ्याकडे झाड यायचं तेव्हा त्याला एकही पान नसायचं.

जंगल पूर्वीपेक्षा विरळ झालंय. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचा घूं घूं आवाज खालपर्यंत येतो. पण आत शिरलं की तसंच आहे. साग उघडे उभे, त्यांची सुपाएवढी वाळकी पानं खाली. पाऊल टाकलं की असा आवाज होतो की चोरी करायची म्हटली तरी जमणार नाही. मोहाला लाल कोवळी पालवी आलेली. आणि पळस हिरवागार झालेला, नुसता चमकत होता. आमचा मोह सापडला. त्याच्या बुंध्याशी मी बसायचो तो दगड तिथंच होता. बसलो. बिडी काढली. पेटवली नाही.

बरोबर कुणी असलं की जंगल मोठं वाटत नाही. ती दहा हातांवर असायची, फांदी वाकवायची, मला हाका मारायची, "ओ, झोपनात का?" मी नुसतं हूं म्हणायचो. चाळीस वर्षांत त्या जंगलात मी बहुतेक हूंच म्हणालो असेन.

मग उठलो आणि पानं तोडली. छान छान बघून तोडली. मऊ, तेलकट, पोपटी. गोणी दाबून दाबून भरली, तोंड बांधलं, खांद्यावर टाकली आणि अक्काच्या घरी गेलो.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. माहेरच्या गावातच दिलेली, वय ऐंशीच्या आसपास. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल. ओट्यावर बसली होती.

"कोन शे?"

"मी."

"मी म्हणजे कोन? मी तं बठ्ठा शेतस."

सगळेच 'मी' असतात, हे खरंच. मी खाकरलो. खाकरण्यावरून तिनं ओळखलं.

"पाव्हना! या, या. एकलाच उनात का..." असं म्हणाली आणि थांबली. तिनं चाचपत माझा हात धरला, ओट्यावर बसवलं आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा झाल्यावर मी गोणी सोडली. तिनं आत हात घातला आणि मूठभर पानं बाहेर काढली. पानं काळी पडलेली, गरम, मान टाकलेली. तिनं ती चुरगाळून बघितली, हुंगली.

"हाई काय लयनात पाव्हना? भाजी करानी शे का?"

"पत्रावळ लावायची आहे. तिच्यासाठी."

"हाई पानस्नी?" ती बोळक्या तोंडानं हसायला लागली. "आरे, ही तं बाळं शेतस. दूध पेतस आजून. आनि गोनीमा कोंबीसन शिजाडी टाकात तुम्ही."

सून आतून हसली. मला राग आला. पण हसणं अक्काचं होतं आणि ते थेट माझ्या बायकोसारखं होतं. राग टिकला नाही.

"इतला वरीस तिनासंगे जंगलमा जायेत," अक्का म्हणाली, "काय दखेत तठे?"

"बिडी ओढायचो."

"तेच." मग हसणं थांबवून तिनं सांगितलं. पान तोडायच्या आधी गालाला लावून बघायचं. लुसलुशीत लागलं तर सोडून द्यायचं. थंड आणि जाड लागलं, चामड्यासारखं, तर घ्यायचं. आणि ओल्या लुगड्यात बांधायचं. "आमनी मायनी शिकाडं व्हतं दोन्हीस्ले. तिनी तुम्हले सांगं नही का?"

मी म्हणालो, नाही.

खरं तर मी ते बघितलं होतं. दरवर्षी बघितलं होतं. फांदी वाकवायची, पान गालाला लावायचं, सोडायचं, दुसरं लावायचं. मला वाटायचं, बाई माहेरच्या जंगलात आली की लाडात येते. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मी चेष्टाही केली होती, "झाडाचे मुके किती घेशील?" तिचं तोंड लाल झालं होतं. समजावून सांगितलं नाही. मला सांगून काय उपयोग, असं वाटलं असेल. आणि बरोबरच होतं ते.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी अक्कानं आपलं एक जुनं लुगडं भिजवून, पिळून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "जास्त तोडू नका. तिले एकच लागी."

पुन्हा जंगलात गेलो. ऊन अजून चढलं नव्हतं. आधी आजूबाजूला बघून घेतलं, कुणी गुराखी वगैरे नाही ना. या वयात माणूस पानं गालाला लावताना दिसला तर गावभर होईल. पहिलं पान लावलं तर काहीच कळलं नाही. दोन दिवसांची दाढी. खुंटांतून काय कळणार? मग डोळ्याच्या खाली लावलं, तिथं दाढी नसते. तिथं बरोबर कळलं. हे कोवळं, हे जून. हे घ्यायचं, हे सोडायचं. पहिली चार-पाच पानं ओली झाली म्हणून टाकून दिली.

एका फांदीवर दोन जून पानं आणि बाकी सगळी बाळं, असं असायचं. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. दुपार झाली. म्हणजे गल्लीतल्या चार घरांच्या पत्रावळींना तिला किती वेळ लागत असेल, आणि तेवढा वेळ मी काय करत होतो! उठून एक फांदी जरी वाकवून धरली असती तरी बाईचं अर्धं काम हलकं झालं असतं.

पन्नासेक पानं झाली. ओल्या लुगड्यात बांधली आणि एसटीत मांडीवर धरून आणली. घरी येऊन माझ्या गादीखाली घातली. सून म्हणाली, "आबा, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांखाली ठेवू का?" मी म्हणालो, नको. दोन दिवस कूस बदलली की कुरकुर झाली.

पत्रावळ लावणं मला येत नाही. कडुलिंबाच्या काड्या सोलून घेतल्या, मोठी पानं मध्ये घेतली, लहान कडेला. पहिली फाटली. दुसरीला मध्ये भोक राहिलं. या हातांनी मी सागाचे ओंडके वाहिलेत, पण काडी पानात सरळ शिरेना. तिसरी जमली. गोल म्हणता येणार नाही, पण पत्रावळ होती.

आखाजीला डेरा मांडला, डांगर ठेवलं. सुनेनं पुरणपोळी, कुरडई, भजी वाढली आणि मग रस वाढला. रस एका बाजूनं गळायला लागला. एक काडी सुटली होती. मुलगा पटकन म्हणाला, "आबा, खाली स्टीलचं ताट सरकवतो."

"नको," मी म्हणालो.

मी पुढे सरकलो आणि पत्रावळ गळत होती ती बाजू जरा उचलून खाली दोन्ही तळहात धरले. सुनेनं गोवरीच्या निखाऱ्यावर तिच्या नावाचा घास टाकला, तूप सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मी जोडले नाहीत. रस बोटांतून मनगटावर आला, मनगटावरून कोपरापर्यंत गेला. निखारा विझेपर्यंत मी पान तसंच धरून बसलो.