पेला हातात धरून

बदलापुरातलं मांजर्लीचं घर सोडलं त्या सकाळी टेंपोत सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, गॅसची शेगडी, माझ्या पुस्तकांची पेटी आणि एक लाकडी घोडा. तुमचा बाबा, मुकुंद, अडीच वर्षांचा होता, माझ्या कडेवर. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर उभ्या होत्या. मुकुंदने त्यांच्या पदराच्या गाठीकडे नुसतं पाहिलं, तशी त्यांनी गाठ सोडून खडीसाखरेचा खडा त्याच्या तोंडात घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कॅम्पात बोलणं काय विकत मिळतं गो?"

ईशान, तारा, तुम्ही समुद्र ओलांडून गेलेली मुलं. बदलापूर ते उल्हासनगर कॅम्प एक एवढ्या अंतराला मी घर सोडणं म्हणते, याचं तुम्हाला हसू येईल. पण त्यानंतर त्या घरी मी कायम पाहुणी म्हणूनच गेले.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. तुमचा बाबा बोलत नव्हता. आई नाही, बाबा नाही, काऊ-चिऊ काही नाही. माईंना त्याची काळजी नव्हती. "त्याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. आता युनियनच्या मीटिंगला त्याला गप्प करायला माणूस लागतो," असं त्या आल्या-गेल्याला सांगत. तुमचे आजोबाही हसत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. माझ्याने वाट बघवेना. आधी त्याचे कान तपासून आणले. ऐकू नीट येत होतं. मग कुणीतरी सांगितलं, कॅम्प एकच्या धर्मादाय दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून स्पीच थेरपीच्या बाई येतात.

मी रजिस्टर घेऊनच गेले. पन्नास शब्द, रोज किती वेळा म्हणवून घ्यायला बघितलं त्याच्या खुणा. बाईंनी ते चाळलं आणि मिटून ठेवलं.

"मॅडम, त्याची परीक्षा घेऊ नका. तहान लागली की काय करतो हा?"

"माठाकडे बघतो."

"मग?"

"मग कुणीतरी पाणी देतं."

"कोण?"

"जवळ असेल तो."

घरात आम्ही अकरा माणसं होतो. जवळ कुणीतरी असेच.

बाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही, काही मुलांना उशीर होतो, लवकर आणलंत ते बरं केलंत. फक्त त्याला बोलायची जागा ठेवा. पेला त्याला दिसेल असा धरायचा, एकदाच "पाणी" म्हणायचं आणि मनात दहा मोजायचे. कुठलाही आवाज निघाला तरी चालेल. नाही निघाला तरी दहानंतर पाणी द्यायचंच.

एवढंच करायचं होतं. मांजर्लीत ते कुणालाच जमलं नाही. मी पाचवर पोचेपर्यंत मागून कुणाचा तरी हात पुढे येई. माईंना तर तो छळच वाटला. "तान्हेल्या लेकराला पेला दाखवून उभी राहतेस? कुठल्या कॉलेजात शिकवलं हे?" महिनाभर रोज भांडण झालं. शेवटी आजोबांनीच कॅम्पात खोली बघितली.

त्या खोलीचं आठवतं ते थकणं. सकाळी शाळा, मंगळवार-शुक्रवार दवाखाना, उरलेल्या वेळी पेला, वाटी, चेंडू, घोडा, प्रत्येकासाठी दहा. वरच्या मजल्यावरच्या सिंधी घरमालकीण पापड वाळत घालता घालता बघत. त्याला "पुट", म्हणजे बेटा, म्हणून हाक मारत आणि मला टोमणा. "तू तो मिलिटरीवाली है. बच्चे से पानी के लिए अर्जी लिखवाएगी क्या?" मला हसायचंही त्राण नसे. मोजताना डोळे मिटत, मग पुन्हा एकपासून सुरुवात.

पाचव्या महिन्यात एका दुपारी पेला धरून मी सातपर्यंत आले होते. मुकुंदने पेल्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे बघून तो म्हणाला, "माई."

स्वच्छ म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. ज्या घरापासून मी त्याला तोडलं, तोंड उघडल्यावर त्याने तेच मागितलं होतं.

रविवारी मांजर्लीला गेलो. आजोबांनी सगळं सांगितलं.  माई उठल्या, माठातून पेला भरला, नातवासमोर धरला, "पाणी" म्हणाल्या आणि मोजू लागल्या. भात मापताना मोजत तसं, पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणून. "लाभ, दोन, तीन, चार..." पुढचं मोजणं राहिलं आणि पेला त्याच्या ओठांना लागला. "नाय जमत गो मला. तू मोज तुझे."

"आता आलात तर राहा," असंही म्हणाल्या. सोमवारी आम्ही कॅम्पात परतलो. दवाखान्यात जाणं पुढे दोन वर्षं चाललं. मग अंबरनाथला शिवमंदिराजवळ हा ब्लॉक घेतला. दर रविवारी तुमचा बाबा माईंशी अखंड बडबडत असे, आणि त्याने मागायच्या आत पाणी त्याच्या हातात असे. नव्वदच्या दशकात माई गेल्या. मांजर्लीच्या घराच्या जागी आता इमारत आहे.

तुम्ही फोनवर मराठी शब्द शोधत अडखळता, तेव्हा मी गप्प होते. मग तारा विचारते, "आजी, लाइन कट झाली का?"

नाही गं. तो शब्द मला येत असतो, पण मी तो लगेच देत नाही. इथे पेला हातात धरून उभी असते, लाभपासून मोजत. आता माझं घर त्या दहा आकड्यांएवढंच आहे. हल्ली चारलाच दमते. तरी दहापर्यंत जाते.