जपलेली काच

गावात ट्रस्टच्या तीन जुन्या इमारती आहेत. तालीम, वाचनालय आणि देवळामागची धर्मशाळा. तिन्हींची झाडलोट माझ्याकडे आहे आणि किल्ल्याही माझ्याच कमरेला असतात. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून हे काम मला आवडतं. चौथी शिकले, लिहिता येतं, चार माणसांत बोलता मात्र येत नाही. म्हणून झालं ते वहीत लिहिते आहे.

धर्मशाळेच्या मागच्या दगडी भिंतीला खालपासून आढ्यापर्यंत भेग आहे. मागच्या वर्षी साताऱ्याहून इंजिनिअर आले. त्यांनी त्या भेगेवर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर काळ्या पेनाने तारीख घातली. ते गेल्यावर आबा मला म्हणाले, "वैनी, ह्या काचंवर ध्यान ठेवा. फुटता कामा न्हाई. फुटली तर तुमास्नी विचारीन." आबा म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी. सुभेदार होऊन मिलिटरीतून परतलेले. हे ते हसत म्हणाले, पण त्यांचं हसणंही मला हुकमासारखं वाटतं. काच कशासाठी, हे मी विचारलं नाही.

दिवाळीआधी मी बांबूला झाडू बांधून जळमटं काढली. दुसऱ्या दिवशी काच मधोमध तडकलेली. माझ्याच बांबूचा धक्का लागला असणार. एसटीने कोरेगावला गेले, फोटोफ्रेमवाल्याकडून तेवढीच काच कापून आणली आणि पांढरं सिमेंट कालवून बसवली. तारीखही तशीच्या तशी उतरवली. शाळेत माझ्या अक्षराला बाई शाबासकी द्यायच्या. जुने तुकडे पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून चहाच्या रिकाम्या डब्यात घालून धर्मशाळेच्या फडताळात ठेवले.

संक्रांतीनंतर काच पुन्हा फुटली. मी पुन्हा बदलली. होळीच्या आत तिसऱ्यांदा फुटली. त्या आठवड्यात नातीला ताप होता, मी त्या भिंतीकडे फिरकलेच नव्हते. तरी मनाला म्हटलं, उंदीर असेल, आणि तीही बदलली.

भिंतीच्या पायथ्याशी रोज सकाळी पांढरी माती पडलेली असे. मी झाडून टाकी. दार उंबऱ्याला घासायला लागलं, तर तेल सोडलं. कुणी आलं तर जागा कशी लख्ख दिसायची.

मग वादळात अंगणवाडीचे पत्रे उडाले. मुलं धर्मशाळेत बसवायची ठरली. माझी नातही त्यातलीच. त्याआधी भिंत बघायला इंजिनिअर परत आले. ट्रस्टची माणसं धर्मशाळेच्या पडवीत टेबल-खुर्च्या टाकून बसली. मी चहा घेऊन गेले.

"आबा, भिंतीपरीस तुमचं गुडघं आधी जातील," एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

इंजिनिअर दारातूनच आत बघत म्हणाले, "काच शाबूत दिसतेय. भिंत जरा जरी हलली तरी आधी काच फुटते. त्यासाठीच लावली होती. वर्षभर टिकली म्हणजे काळजी नाही."

"मग सोमवारपास्नं पोरं बसवू," आबा म्हणाले.



"वैनी, च्या द्या की!" आबा म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला. फडताळातून डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. काचा पसरल्या. प्रत्येक तुकड्यावर अर्धी अर्धी तारीख.

"आवं, हे काय?" आबा म्हणाले.

"तीनदा फुटली. मी नवी लावली." मला माझाच आवाज परका वाटला. "तुमी म्हणला, फुटता कामा न्हाई."

इंजिनिअर आत भिंतीपाशी गेले. तारखेजवळ डोळे नेऊन बराच वेळ उभे राहिले. "हे अक्षर माझं नाही," म्हणाले. मग त्यांनी भेगेत बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. त्यांनी बोट काढलं आणि आमच्या सगळ्यांच्या आधी ते बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "आत कुणाला बसवू नका."

त्यांची गाडी गेल्यावर आबा जमिनीकडे बघत बोलले. "सायेब लोक भितात वो. शंभर वर्षं उभी हाय ती. दुसरी जागा हाय कुठं? म्होरल्या भागात बसवू पोरं. सोमवारी उघडा, वैनी."

मी मान हलवली नाही. पण नाही असंही म्हणाले नाही.

आज सोमवार होता. मुलं दप्तरं घेऊन पायरीवर आली. नातीचा हात माझ्या हातात होता.

"किल्ली?" आबांनी विचारलं.

"हरवली."

आबांनी माझ्या कमरेकडे पाहिलं. जुडग्यात दोनच किल्ल्या होत्या. "तुमची? किल्ली? हरवली?" ते म्हणाले. "बरं. उद्या कुलूप तोडाय माणूस आणतो."

मुलं आज देवळाच्या ओवरीत बसली. दुपारी मी एकटीच धर्मशाळेकडे गेले आणि बंद दाराला कान लावला. आत मूठभर वाळू ओतावी तसा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला.

किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. उद्या माणूस येईल तेव्हा मी दाराला पाठ लावून पायरीवर बसणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. उठायचं नाही, एवढंच ठरलं आहे.